फळ्याच्या मधोमध रेघ

हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावर ज्योत्स्नाबाई कशालाच घाबरत नाहीत असं सगळे मानत. एकदा वर्गात साप निघाला तेव्हा पोरं खिडकीच्या गजांना लटकली आणि बाईंनी केरसुणीने सापाला बाहेरची वाट दाखवली. एकदा कोणीतरी पिऊन शाळेत भांडायला आलं, तर बाई म्हणाल्या, "आधी चूळ भरून या, मग बोलू," आणि तो माणूस खरंच चूळ भरायला गेला तो परत आलाच नाही.

पण देवळाली कॅम्पातल्या प्रशिक्षणाच्या शाळेत, तळमजल्यावरच्या वर्गात, भिंतीवरच्या काळ्या काचेसमोर उभं राहिलं की याच बाई आपोआप दोन पावलं मागे सरकायच्या.

काळी काच म्हणजे डिजिटल फळा. बंद असला की त्यात आपलंच तोंड दिसायचं, तेही घाबरलेलं. चालू केला की त्यातून एक टिंग असा आवाज यायचा आणि खाली इतकी बारीक बारीक चित्रं उमटायची की कोणतं दाबलं तर काय होईल याचा काही भरवसा नाही. पहिल्याच दिवशी बाईंनी पेन समजून काहीतरी दाबलं आणि आख्खा फळा उलटा झाला. अक्षरं डोक्यावर उभी. वर्गातल्या सगळ्या शिक्षकांनी माना वाकड्या करून ती वाचली आणि मग सगळे हसले.

प्रशिक्षणाचं नाव एवढं लांब होतं की बॅनरवर दोन ओळी लागल्या. सोप्या भाषेत सांगायचं तर या फळ्यावर शिकवायला शिकायचं. आणि ते शिकायलाच हवं होतं, कारण एका कंपनीने जिल्ह्यातल्या लहान शाळांना हे फळे द्यायचं कबूल केलं होतं ते एका अटीवर. शाळेतल्या एका शिक्षकाने इथे यायचं आणि शेवटच्या दिवशी खऱ्या मुलांसमोर खरा पाठ घ्यायचा. पाठ पास झाला तर फळा शाळेत. नापास झाला तर फळा दुसऱ्या शाळेत.

आणि पाड्यावर भिंत तयार होती. खरी पंचाईत तीच होती.

पाड्यावरच्या शाळेत शिक्षक दोनच, बाई आणि गोटीराम गुरुजी. गुरुजी म्हणाले होते, "बाई, तुम्ही जा. मला फोन उचलता येतो, तेवढं माझ्या जन्माला पुरे." मग बाई निघाल्यावर गुरुजींनी आणि पोरांनी मिळून भिंतीवरची सगळी चित्रं उतरवली, पोपडे खरवडले, चुना दिला आणि गेरूने फळ्याएवढी चौकट काढली. फळ्याएवढी म्हणजे केवढी ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून दारापेक्षा मोठी काढली. गुरुजींनी फोटो पाठवला. चौकटीच्या दोन्ही बाजूंना पोरं रखवालदारासारखी ताठ उभी. मुक्कामाला होत्या त्या नणंदेच्या घरी, झोपायच्या खोलीत, बाई तो फोटो बघायच्या आणि फोन उशीखाली सारायच्या.

चौथीतल्या सोमाने गुरुजींच्या फोनवरून फोनसुद्धा केला. "बाई, भिंतीला कोणी टेकायचं नाय असं ठरलंय. टेकला त्याने वर्ग झाडायचा."

"बरं केलंत."

"बाई, तुम्हाला जमतंय ना?"

"जमतंय की," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर घटाघटा पाणी प्यायल्या.

जमत काहीच नव्हतं. उलट बाईंच्या हाताला जी सवय होती तीच इथे आडवी येत होती. पाड्यावर गुरुजींकडे पहिली-दुसरी आणि बाईंकडे तिसरी-चौथी, दोन्ही इयत्ता एकाच खोलीत, एकाच फळ्यासमोर. म्हणून रोज सकाळी बाई आधी फळ्याच्या मधोमध वरून खाली खडूने रेघ मारायच्या. डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी. तिसरीला गणित घालायचं, त्यांच्या माना पाटीवर वाकल्या की चौथीकडे वळायचं, चौथी लिहायला लागली की परत तिसरीकडे. इतकी वर्षं हेच केल्यामुळे फळा दिसला की बाईंचा हात आपोआप मधोमध जायचा. इथेही गेला. राजने पेन हातात दिलं आणि बाईंनी त्या चकचकीत फळ्यावर सगळ्यात आधी काय काढलं असेल, तर वरून खाली एक सरळ रेघ.

राज म्हणजे प्रशिक्षक. विशी-पंचविशीतला, पांढरे बूट घालणारा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "सिंपल आहे" म्हणणारा मुलगा. "मॅडम, हे कंपाउंड कशाला घातलंत?" तो म्हणाला. "पूर्ण स्क्रीन वापरायची. त्याला वेगळे मार्क आहेत. सिंपल आहे."

सगळे पुन्हा हसले. फक्त शेवटच्या बाकावरचे टोपीवाले सर हसले नाहीत. येवल्याकडचे, निवृत्तीला आलेले, नाव धोंडीराम. ते कधी काही विचारायचे नाहीत, नुसती मान डोलवायचे. बाईंना वाटायचं, यांना सगळं येतंय, म्हणून गप्प आहेत.

तशात आयडीचं लचांड झालं. फळ्यावर काम करायला प्रत्येकाला स्वतःचा आयडी घ्यायचा होता आणि त्यासाठी फोनवर आकडे यायचे. बाकी सगळ्यांना आले, असं बाईंना वाटलं. बाईंचे आकडे कुठे गेले, तर शाळेच्या नावावर ज्यांचा नंबर अजून होता त्या जुन्या मुख्याध्यापकांना. ते निवृत्त होऊन मुलाकडे गेले होते आणि त्यांचा फोन बंद. राजने इकडे तिकडे बघून आवाज खाली केला. "मॅडम, हा माझा ट्रायल आयडी घ्या. फक्त तुम्हाला देतोय हं. कोणाला बोलायचं नाही, संजना मॅडमना तर अजिबात नाही."

संजना मॅडम म्हणजे शेवटच्या दिवशी परीक्षक म्हणून येणार होत्या त्या. बाईंनी त्यांना अजून पाहिलं नव्हतं, पण त्यांचं नाव निघालं की मोठमोठे मुख्याध्यापकसुद्धा पाय सावरून बसायचे.

पाठाच्या आदल्या दिवशी प्रशिक्षण सुटलं. बाकीचे कॅम्पाच्या बाजारात चहाला गेले. बाई म्हणाल्या, मी जरा हात बसवते. राजने वर्ग उघडा ठेवला.

शाळा रिकामी झाली की किती मोठी होते. व्हरांड्यात कुठेतरी नळ ठिबकत होता. बाईंनी फळा चालू केला, टिंग झालं. राजचा आयडी टाकला. पाठ होता 'पाणी कुठून येतं'. पाड्याच्या मागचा डोंगर त्यांना डोळे मिटून काढता यायचा, म्हणून त्यांनी तोच काढला. मोठा, मधोमध, आख्ख्या फळ्यावर, मार्कांसाठी. मग त्या टेबलाशी आल्या आणि पुढे काय बोलायचं ते मनात घोळवू लागल्या.

तेवढ्यात 'धडाम' झालं. खिडकीच्या काचा थरथरल्या. कॅम्पात तोफांचा सराव चालतो. तिथल्या लोकांना त्याचं काहीच वाटत नाही, बोलता बोलता थांबतात आणि आवाज झाला की पुढचं वाक्य बोलतात. बाई मात्र प्रत्येक वेळी दचकायच्या. आताही दचकल्या आणि वर बघितलं.

डोंगरावर एक रेघ होती.

वरून खाली, सरळ. बाईंनी काढलेली नव्हती. रेघ मारायची सवय आहे खरी, पण आपण मारली आणि विसरलो असं कसं होईल? त्या दोन पावलं पुढे गेल्या. त्यांच्या डोळ्यांसमोर, त्या रेघेच्या शेजारी, दुसरी रेघ वरून खाली आली. हळूहळू. जणू कोणी पाटीवर जपून काढतंय. पण फळ्यासमोर कोणी नव्हतं. वर्गात कोणी नव्हतं. मग तिसरी. मग चौथी.

बाईंची पाठ दाराला लागली तेव्हा त्यांना कळलं की आपण मागे मागे सरकत होतो. पहिला विचार भुताचा नव्हताच. पहिला विचार आला, मोडला. एवढा महागाचा फळा आपल्या हातून मोडला, आता भिंत कायमची रिकामी. भूत मागून आलं. कारण ते मोडलेलं यंत्र मन लावून काम करत होतं. एका रेघेला बाक आला तर ती मागे जाऊन पुन्हा सरळ काढत होतं.

बाईंनी पदर खोचला. सापाच्या वेळी खोचला होता तसाच. फळ्याजवळ गेल्या, तोंड दुसरीकडे केलं आणि तळव्याने सगळं पुसून टाकलं. फळा कोरा झाला. त्यांनी श्वास सोडला.

आणि कोऱ्या फळ्यावर वेडीवाकडी अक्षरं उमटली. एकेक. क. काना... नाही, ओकार. मग ण.

कोण आहे

नळ ठिबकायचा थांबला होता की काय कोण जाणे, सगळीकडे नुसती शांतता. आणि तरीही, म्हणजे अंगाला दरदरून घाम फुटलेला असतानाही, बाई शेवटी शिक्षिकाच. कोणी लिहून प्रश्न विचारला तर लिहून उत्तर द्यायचं, हे त्यांच्या रक्तातच होतं. त्यांनी बोटाने खाली लिहिलं.

ज्योत्स्ना भोये

बराच वेळ काही नाही. मग डोक्यावर, वरच्या मजल्यावर, काहीतरी दाणकन आपटलं. खुर्ची पडल्यासारखं. मग पावलं. पळणारी. जिन्यावरून खाली, व्हरांड्यातून जवळ, आणखी जवळ. बाईंनी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली.

दारात धोंडीराम सर उभे. टोपी हातात, पाय अनवाणी.

"मॅडम," ते धापा टाकत म्हणाले, "तुमच्या या खोलीत कोणी हाये का?"

"मीच आहे."

"चालू करताना त्याने काय तरी विचारलं, मी 'नाय' दाबलं, तर माझ्या फळ्यावर आधी डोंगर उगवला. मग माझं सगळं पुसलं. मग तुमचं नाव आलं."

बाईंनी हळूच पट्टी खाली ठेवली. "सर, तुमचा आयडी कोणता?"

सर जरा घुटमळले. "कोणाला बोलायचं नाय म्हणलाय तो पोरगा. माझे आकडे माझ्या लेकाच्या फोनवर गेले ना, अन् तो फोन उचलत नाय. म्हणून त्याने त्याचाच दिला."

वरच्या वर्गातही असाच एक फळा होता आणि सरही तिथे हात बसवत होते. एकच आयडी, म्हणून एकच फळा. वरच्या खोलीत जे लिहिलं जाईल ते खाली उमटेल आणि खालचं वर.

"तुम्ही बी घाबरल्या का?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मी लय घाबरलो. चपला वरच ऱ्हायल्या."

"पण सर, मला वाटायचं तुम्हाला सगळं येतं. नुसती मान डोलवता."

"मान डोलवली की तो पोरगा पुढं जातो, माझ्यापाशी थांबत नाय," सर म्हणाले. "मला काय येतंय? मागल्या खेपेला नापास झालो मी. गावात पोरं विचारतात, गुरुजी, आपला फळा कुठं ऱ्हायला? म्हणलं, येतोय, त्याची गाडी चुकली. आता दुसऱ्यांदा नापास झालो तर शाळेचं नावच काढून टाकतात." त्यांची पोरं विणकरांची. घरोघरी पैठणीचा माग. म्हणून सरांनी आकृतिबंधाचा पाठ निवडला होता, मागावरचे उभे धागे काढून. त्याच त्या भुताच्या रेघा.

राज फाटकापाशी मोटारसायकलला किक मारत होता. ऐकल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. आतापर्यंत बाईंना वाटायचं की या मुलाला भीती ठाऊकच नाही.

"हे संजना मॅडमना कळलं तर माझं काम जाईल," तो म्हणाला. "पण काही होणार नाही. उद्या ज्योत्स्ना मॅडमचा पाठ सकाळी, सरांचा दुपारी. एकाचा संपला की दुसरा. सिंपल आहे." पण 'सिंपल' म्हणताना त्याचा आवाज फाटला.

त्या रात्री बाईंना स्वप्नात भिंत दिसली, गेरूच्या चौकटीसह. चौकटीच्या आत काहीच नव्हतं, आरपार रान दिसत होतं.

सकाळी शाळेत पोहोचल्या तेव्हा सूचना लागलेलीच होती. शाळेच्या स्नेहसंमेलनाची तालीम असल्याने मुलं दुपारी मोकळी नाहीत. संजना मॅडम आल्या होत्या. लहानखुऱ्या, चष्मा साखळीला लावलेला, आवाज इतका हळू की ऐकायला सगळ्यांना श्वास रोखावा लागायचा. "हरकत नाही," त्या म्हणाल्या. "दोन्ही पाठ एकाच वेळी घेऊ. वर दुसरे परीक्षक बसतील. खाली मी बसते."

बाईंनी सांगायला तोंड उघडलं. संजना मॅडमच्या पाठीमागून राजने दोन्ही हात जोडले. बाईंचं तोंड बंद झालं.

वर्गाच्या दारात त्याने बाईंना गाठलं. "मॅडम, सरांनी वर चालूसुद्धा केलं. आता तुम्ही चालू केलंत की फळा विचारेल, दुसरीकडचा बंद करू का? तुम्ही 'हो' दाबा. मग फळा फक्त तुमचा."

"आणि सरांचा?"

राज आपल्या पांढऱ्या बुटांकडे बघत राहिला.

वर्गात चौथीची मुलं बसली होती. सगळी जवानांची मुलं, देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातून आलेली, चकचकीत भांग पाडलेली. मागच्या बाकावर संजना मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. बाईंनी फळा चालू केला. टिंग. आयडी टाकला. आणि मधोमध पांढरी चौकट आली. हा आयडी दुसऱ्या फळ्यावर सुरू आहे. तो फळा बंद करायचा का? खाली दोन बटणं. हो. नाही.

बाईंचं बोट 'हो'च्या समोर आलं. अगदी जवळ. सोमा काय म्हणाला होता, जमतंय ना. एवढंसं दाबायचं होतं. कोणी बघणार नव्हतं, कोणाला कळणार नव्हतं, वर एक फळा काळा पडला असता आणि सगळे म्हणाले असते, म्हाताऱ्याला काही जमत नाही. स्वतः सरसुद्धा तेच म्हणाले असते. येवल्याकडे कुठेतरी आणखी एक भिंत होती. तिलाही कोणी टेकत नसेल.

मागून संजना मॅडमचं पेन वाजलं, टक. बाईंनी डोळे मिटले आणि 'नाही' दाबलं.

दाबल्याक्षणी त्यांना वाटलं, मेले. काय केलं मी हे.

पण आता मागे जायची वाट नव्हती. "मुलांनो, हा माझ्या शाळेमागचा डोंगर," त्या म्हणाल्या आणि डोंगर काढला. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटत होता. "या डोंगरावर पाणी कुठून येतं, कोण सांगेल?"

कोणी हात वर करायच्या आधीच डोंगरावर वरून एक रेघ उतरली. मग दुसरी. मग भराभर चार-पाच. बाई फळ्यापासून चांगल्या लांब उभ्या होत्या, हात पाठीमागे. वर्गात कोणी हललं नाही. मग पहिल्या बाकावरचा रुद्र नावाचा गुबगुबीत मुलगा म्हणाला, "मॅडम, बारिश आली."

"हो," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? "पावसातूनच येतं."

मुलं खूश झाली. बाई नाही झाल्या. कारण त्यांना पुढचं दिसत होतं. उभ्या धाग्यांनंतर सर आडवे काढणार, मग रंग भरणार, मग डोंगर शोधावा लागणार. आणि वर आत्ता सरांच्या धाग्यांमधून डोंगर उगवला असणार, म्हणजे ते घामाने निथळत असणार. झालंच. पहिली आडवी रेघ डोंगराच्या पोटातून गेली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं जाऊ लागलं, 'आकृ', आणि तिथेच थांबलं. 'ति' येईना. सरांचा हात अडकला होता.

'धडाम.' काचा थरथरल्या. एकही मूल दचकलं नाही, बाई दचकल्या, आणि संजना मॅडमनी मान वर करून काहीतरी लिहिलं.

बाईंना आता फळा दिसेना, नुसता गोंधळ दिसत होता, दोन वर्ग एकाच वेळी बोलल्यासारखा. दोन वर्ग. एकाच वेळी. आणि त्यांचा हात, त्यांना न विचारता, फळ्याच्या मधोमध गेला.

वरून खाली, जाड, सरळ रेघ.

रेघ ओढताना त्यांना राजचं कंपाउंड आठवलं, मार्क आठवले, पण हात थांबला नाही. डावीकडे त्यांनी लिहिलं 'पाणी'. उजवीकडे लिहिलं 'आकृतिबंध', सरांचा अडकलेला शब्द पुरा करून. मग उजवीकडचा डोंगराचा तुकडा पुसला, डावीकडचे धागे पुसले आणि रेघेपासून मागे सरकून उभ्या राहिल्या. सरांची शाळाही दोन शिक्षकांचीच होती, म्हणजे ही रेघ त्यांनाही ओळखीची असणार. आता त्यांना कळलं तर कळलं, नाहीतर संपलं.

फळ्यावर काही हललं नाही. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तिकडे कोण लिहितंय?"

"वरच्या वर्गात एक सर आहेत," बाई म्हणाल्या. खोटं बोलायला बळच उरलं नव्हतं. "आज आपण दोन वर्ग एकाच फळ्यावर बसलोय. ते त्यांचं काम करतील, आपण आपलं करू. कोणी कोणाच्या बाजूला जायचं नाही."

आणि उजवीकडे, रेघेला अजिबात न शिवता, एक उभा धागा उतरला.

बाईंनी ताडकन डावीकडे तोंड केलं, नाहीतर मुलांना त्यांचे डोळे दिसले असते. त्यांनी नदी काढली, विहीर काढली, मुलांना पुढे बोलावून ढग काढायला लावले. रुद्रने एवढा मोठा ढग काढला की तो रेघेपलीकडे जायला लागला, तर बाकीचीच ओरडली, "अरे, सर की साइड." उजवीकडे धागे विणले जात होते, दोन हिरवे, एक पिवळा, दोन हिरवे, एक पिवळा.

मग तेही थांबलं. एक हिरवा झाला आणि पुढे काहीच येईना. बाई बोलत होत्या पण त्यांचं अर्धं लक्ष तिकडेच. वर काय झालं असेल? कोणी काही विचारलं का? सर परत घाबरले का? त्या सहज बोलल्यासारखं करत फळ्याच्या उजव्या बाजूला गेल्या आणि सरांच्या पहिल्या ओळीखाली बरोबरची एक खूण केली. पाटीवर करतात तशी, शेपूट वर गेलेली.

थोड्या वेळाने दुसरा हिरवा आला. मग पिवळा. आणि पाठ संपता संपता बाईंच्या नदीखालीही एक बरोबरची खूण उमटली. जरा थरथरलेली.

मुलं गेली. संजना मॅडम पुढे येऊन फळ्यासमोर उभ्या राहिल्या. राज दारात, भिंतीला चिकटून. सर जिन्यावरून उतरले, या वेळी चपला घालून.

"हे असं करायला कोणी सांगितलं?" संजना मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

"कोणी नाही. आमच्याकडे फळा एकच असतो," बाई म्हणाल्या. "मधोमध रेघ मारतो."

"तसं नाही. एक आयडी दोन फळ्यांवर कसा?"

राजकडे बघितलं तर तो गेला, नाही बघितलं तर भिंत गेली. "आमचे आकडे आले नाहीत," त्या कशाबशा म्हणाल्या. "मला जुन्या मुख्याध्यापकांकडून मागावे लागतात, सरांना लेकाकडून."

"अन् लेक फोन उचलत नाय," सर म्हणाले.

संजना मॅडम सरांकडे बघत राहिल्या. मग राजकडे. राजच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. "माझा दिला, मॅडम," तो म्हणाला. "चूक झाली."

"झालीच," संजना मॅडम म्हणाल्या. "त्याचं आपण नंतर बोलू." आणि कागदावर लिहायला लागल्या. त्या लिहीत होत्या तेवढा वेळ तिघांपैकी कोणी हललं नाही, लांब तोफ वाजली तरी नाही. मग त्यांनी कागद वळवून बाईंना दाखवला. 'पूर्ण फळ्याचा वापर' या ओळीसमोर शून्य. वरच्या परीक्षकांकडून आलेल्या सरांच्या कागदावरही शून्य. पण अगदी खाली, दोन्हीकडे, एकच शब्द. उत्तीर्ण.

सरांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. मग म्हणाले, "म्हणजे आली म्हणायची गाडी."

फळा पाड्यावर आला तो टेम्पोत गाद्यांमध्ये गुंडाळून. गेरूची चौकट एवढी मोठी की फळा तिच्यात खेळण्यातला वाटत होता. उरलेल्या जागेत पोरांनी लगेच डोंगर आणि कोंबड्या चितारल्या. बाईंचा आयडीही आला, म्हणजे जुन्या मुख्याध्यापकांनी एकदाचा फोन उचलून आकडे वाचून दाखवले, आणि वर सगळ्यांची खुशाली विचारली.

तिसरी एका बाजूला बसली, चौथी दुसऱ्या बाजूला. गुरुजी पहिली-दुसरीला घेऊन दारात. बाईंनी फळा चालू केला. टिंग. पेन हातात घेतलं आणि सगळ्यात आधी, वरून खाली, मधोमध रेघ मारली. रेघ जरा वाकडी आली.

"बाई," सोमा म्हणाला, "तुमचा हात का कापतोय?"

"थंडी वाजतेय."

सोमाने खिडकीबाहेर बघितलं. पत्रे तापून कडकड वाजत होते. "ऊन हाय ना, बाई."

"मग भीती वाटतेय," बाई म्हणाल्या. "चौथी, वह्या काढा."